काळीत शेत, पांढरीत घर

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघालो, की उरुळी कांचन मागे पडते आणि यवत येण्याआधी कासुर्डी हे गाव लागते. गाव दौंड तालुक्यातले. दक्षिणेला भुलेश्वराच्या डोंगराची रांग, उत्तरेला मुळा-मुठेचे खोरे, आणि मध्ये काळ्या रानाचे, मुरमाड माळाचे आणि उसाचे पट्टे. इथल्या कोणत्याही गावात एखाद्या म्हाताऱ्या माणसाशी बोला. त्यांच्या तोंडी दोन शब्द हमखास येतील: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण, जिथे घरे उभी आहेत ती जागा. जुन्या कागदपत्रांतही गावाचे हेच दोन भाग सांगितलेले असतात.

विद्यार्थीमित्रांनो, ही नावे रंगावरून पडली हे उघड आहे. पण काळ्या मातीच्या मुलखात गावाखालची मातीच तेवढी पांढरी कशी? आणि आपल्या पूर्वजांनी घरे बांधताना शेतातली हाताशी असलेली काळी माती सोडून पांढरीच का वापरली? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो, तर भूगोल, रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान आणि इतिहास असे चारही विषय एका घराच्या भिंतीत सापडतात. शिवाय आजच्या काळातला एक महत्त्वाचा प्रश्नही त्या भिंतीपाशी येऊन उभा राहतो. जुने मातीचे घर पाडून सिमेंटचे बांधायचे, की जुन्यातले चांगले ठेवून नवे काही करायचे? पुढील दहा-वीस वर्षांत हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांच्या घरी निघणार आहे.

मातीत असते तरी काय?

दिसायला माती एकसारखी दिसते. प्रत्यक्षात ती निरनिराळ्या आकारांच्या कणांचे मिश्रण असते. दोन मिलिमीटरपासून सुमारे ०.०६ मिलिमीटरपर्यंतचे कण म्हणजे वाळू. त्याहून बारीक, ०.००२ मिलिमीटरपर्यंतचे कण म्हणजे पोयटा. आणि त्याहूनही सूक्ष्म कण म्हणजे चिकणमाती. वाळू भिंतीला सांगाडा देते, पोयटा मधल्या फटी भरतो आणि चिकणमाती या सर्वांना चिकटवून ठेवते. सिमेंटच्या काँक्रीटमध्ये जे काम सिमेंट करते, तेच काम मातीच्या भिंतीत चिकणमाती करते.

मग चिकणमाती जितकी जास्त तितकी भिंत मजबूत, असे म्हणावे काय? नाही. कारण सगळी चिकणमाती सारखी नसते. आपल्या दख्खनच्या पठारावरचा बेसाल्ट खडक झिजून जी काळी माती झाली, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते. याचे कण म्हणजे एकावर एक रचलेले अतिशय पातळ पापुद्रे. वहीची पाने एकमेकांवर असावीत तसे. पाणी मिळाले की ते या पापुद्र्यांच्या मध्ये शिरते, पापुद्रे दूर सरतात आणि माती फुगते. पाणी आटले की पापुद्रे जवळ येतात आणि माती आकसते. उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच कारणाने. या एक ग्रॅम खनिजाचे सगळे पापुद्रे सुटे करून पसरले, तर त्यांचे एकूण क्षेत्रफळ सातशे ते आठशे चौरस मीटर भरते. म्हणजे एका चिमटीत पाच-सहा कबड्डीची मैदाने! एवढ्या पृष्ठभागाला धरून राहणारे पाणी किती असेल, याची कल्पना करा.

अशी माती पिकाला चांगली, कारण ती ओल धरून ठेवते. घराला मात्र ती घातक. काळ्या मातीची भिंत वाळताना तडकणार, आणि काळ्या रानावर थेट उभारलेले घर पावसाळ्यात उचलले जाणार व उन्हाळ्यात खचणार. गवंडी काळ्या रानात पाया खणताना खाली मुरूम लागेपर्यंत जातात, ते यासाठीच.

बांगडीतली माती

हे सर्व तुम्हाला घरी पडताळून पाहता येईल. तीन जुन्या बांगड्या घ्या. एका सपाट फळीवर कागद पसरून त्यावर बांगड्या ठेवा. एका बांगडीत भिजवून मळलेली काळी माती दाबून भरा. दुसरीत काळी माती आणि तिच्या दुप्पट बारीक चाळलेला मुरूम मिसळून भरा. तिसरीत हेच मिश्रण, पण चिमूटभर गव्हाचा भुसा घालून भरा. तिन्ही सावलीत वाळू द्या. तीन-चार दिवसांनी पाहा. काळ्या मातीची चकती बांगडीपासून चांगलीच सुटलेली आणि बहुधा तडकलेली असेल. मुरूम घातलेली चकती कमी आकसलेली दिसेल. भुसा घातलेल्या चकतीत भेगा सर्वांत कमी असतील. भुशाच्या काड्या भेगेच्या दोन्ही काठांना धरून ठेवतात, म्हणून भेग रुंदावत नाही. भिंतीच्या चिखलात भुसा किंवा काड तुडवण्याची चाल आपल्याकडे का पडली, हे आता कळले ना?

दुसरा प्रयोग बाटलीचा. सरळ बाजूंच्या काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा माती घाला. वर पाणी भरा, खूप हलवा आणि बाटली ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते. पोयट्याचा सर्वांत बारीक कण दहा सेंटिमीटर पाण्यातून खाली यायला सुमारे आठ तास घेतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पोयट्याचा थर दिसेल, आणि वरचे पाणी अजून गढूळ असेल तर ती तरंगणारी चिकणमाती होय. थरांची जाडी पट्टीने मोजा. साधारणपणे निम्म्याहून अधिक वाळू आणि पंधरा ते तीस टक्के चिकणमाती असलेली माती भिंतीसाठी चांगली समजतात. तुमच्या गावची माती यात कितपत बसते, ते वहीत लिहून ठेवा.

पांढरी कशी झाली?

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. कासुर्डीच्या ईशान्येला, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथल्या पांढरीच्या टेकाडांचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. डॉ. ह. धी. सांकळिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी हे संशोधक त्यात होते. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या सुमारे नऊशे वर्षांत तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. उत्खननात एकशेतीसहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. अवशेष म्हणजे काय? दगडी भिंती नव्हेत. चोपून केलेल्या जमिनी, चुली, धान्य साठवण्याच्या जागा आणि खांब रोवलेल्या खळग्या. खळग्यांच्या रांगा जोडत गेले की घराचा आराखडा मिळतो.

सुरुवातीच्या काळातली घरे मोठी आणि चौकोनी होती. बुटकी मातीची भिंत, तिच्यावर कुडाचे काम आणि वर गवताचे छप्पर, असे त्यांचे रूप संशोधकांनी मांडले आहे. इ. स. पूर्व १००० नंतरच्या काळात मात्र लहान, गोल झोपड्या दिसू लागतात. हवामान कोरडे होत गेले, शेती आखडली आणि लोकांना जनावरे घेऊन भटकावे लागले, असे कारण अभ्यासक देतात. घराचा आकार पाहून पावसाचा अंदाज बांधता येतो, ही गोष्ट मोठी नवलाची आहे.

आता विचार करा. मातीचे घर पडले की ते जागीच मातीत मिळते. त्यावर पुढच्या पिढीचे घर उभे राहते. चुलीची राख, शेण, काड, हाडे, जोडीला चुनखडीचे कण असे सर्व त्या मातीत मिसळत जाते. शेकडो वर्षे हे चालले की गावाखाली एक वेगळीच माती तयार होते. राख आणि चुनखडीमुळे तिचा रंग फिकट असतो. ती काळ्या मातीसारखी फुगत नाही की फारशी तडकत नाही. हीच पांढरी! म्हणजे पांढरी माती ही पूर्वी नांदलेल्या घरांचीच माती आहे. आजोबांच्या घराची माती नातवाच्या भिंतीला लागली, असे पिढ्यानपिढ्या चालत आले.

म्हणूनच इथे एक इशाराही द्यायला हवा. जुनी पांढरीची टेकाडे आणि पडक्या गढ्या म्हणजे इतिहासाचे दप्तर आहे. घरासाठी किंवा शेतात टाकण्यासाठी ती उकरून नेल्याने कितीतरी दप्तरे कायमची नाहीशी झाली. पांढरीचे गुण आपण बांगडीच्या प्रयोगाप्रमाणे मुरूम, वाळू, भुसा आणि चुना मिसळून मिळवू शकतो. त्यासाठी टेकाड खणायची गरज नाही.

पाऊस छपराचा आकार ठरवतो

लोणावळ्याहून रेल्वेने दौंडकडे येताना खिडकीतून छपरे पाहत या. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. पुण्याला सातशेच्या आसपास. दौंडकडे तो पाचशेच्या घरात येतो. सह्याद्रीने ढग अडवले की पूर्वेला उरते ते पर्जन्यछायेतले कोरडे हवामान. त्याप्रमाणे पश्चिमेला उतरती, गवताची किंवा कौलाची छपरे, आणि पूर्वेला दौंड, इंदापूर, सोलापूरकडे मातीची सपाट माळवदे, अशी जुनी वाटणी होती. मंगळूरला १८६५ साली बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर मंगळुरी कौले सर्वदूर पोचली. पुढे पन्हाळी पत्रे आले आणि ही वाटणी पुसट झाली. तरी जुन्या आळीत ती अजून वाचता येते.

माळवद कसे करतात? लाकडी खांबांवर तुळया टाकतात. तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा फांद्यांचे तुकडे, त्यावर पाला, आणि वर फूटभर मातीचा थर चोपून बसवतात. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. घर किती मोठे, हे आपल्याकडे खणांत सांगत. माळवदाला अगदी थोडा उतार देऊन पाणी पन्हळीतून बाहेर काढतात. पाऊस सुरू होण्याआधी, मृगाच्या आधी, माळवदावर नवी माती टाकून ते चोपले जाई. काही भागांत त्यासाठी मुद्दाम खारी माती आणत. खारट माती कशासाठी? तिच्यातील सोडियममुळे चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात, बारीक फटींत जाऊन बसतात आणि पाण्याची वाट बंद करतात. पिकाला नकोशी असलेली खारवट जमीन छपराला मात्र उपयोगी पडते! रसायनशास्त्र न शिकलेल्या माणसांनी हे निरीक्षणाने शोधून काढले होते.

भिंतीतून उष्णतेचा प्रवास

मे महिन्यात दौंडकडे दुपारचे तापमान चाळीस अंशांच्या आसपास जाते आणि पहाटे ते बावीस-चोवीसवर उतरते. अशा दिवशी भर दुपारी जुन्या मातीच्या घरात शिरा. आत शिरताच थंड वाटते. शेजारच्या पत्र्याच्या खोलीत दोन मिनिटे थांबवत नाही. असे का बरे होते?

भिंत उन्हाने तापू लागली की उष्णता एका बाजूने दुसऱ्या बाजूकडे सरकू लागते. पण वाटेतला मातीचा प्रत्येक थर आधी स्वतः तापतो आणि मगच पुढच्या थराला उष्णता देतो. त्यामुळे प्रवासाला वेळ लागतो, आणि प्रत्येक थरापाशी उष्णतेची लाट थोडी थोडी मंदावते. सर्वसाधारण मातीसाठी गणित केले, तर तीस सेंटिमीटर जाडीच्या भिंतीतून दिवसाची उष्णतेची लाट आत यायला सुमारे दहा तास लागतात. पंचेचाळीस सेंटिमीटर जाडीला चौदा-पंधरा तास. दुपारी तीनची लाट आत पोचते तोवर मध्यरात्र उलटून गेलेली असते आणि बाहेर गारवा असतो. शिवाय तीस सेंटिमीटरनंतर लाटेचा जोर दहाव्या हिश्शाहूनही कमी उरतो. म्हणून मातीच्या घरातले तापमान दिवसाच्या सरासरीजवळ, म्हणजे तीस-बत्तीस अंशांजवळ राहते. पत्रा मिलिमीटरहूनही पातळ. तो उष्णता अडवतही नाही आणि साठवतही नाही. माध्यान्हीचे ऊन तसेच्या तसे खाली पाठवतो.

सिमेंटच्या काँक्रीटची दहा-बारा सेंटिमीटरची स्लॅब या दोहोंच्या मधली. तिच्यातून उष्णता तीन-चार तासांत खाली येते. म्हणजे दुपारी गोळा केलेली उष्णता ती नेमकी आपल्या जेवणाच्या आणि झोपण्याच्या वेळी घरात सोडते. मग पंखा लागतो, कूलर लागतो, विजेचे बिल वाढते. घर बांधताना वाचवलेली भिंतीची जाडी आपण पुढे आयुष्यभर विजेच्या रूपाने भरत राहतो.

वळचणीचे पाणी

मातीच्या घराचा मोठा शत्रू कोण, असे विचारले तर उत्तर एकच: पाणी. ते दोन वाटांनी येते. वरून पावसाचे आणि खालून जमिनीतले. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. मातीच्या भिंतीत मात्र खालचे पाणी खरोखरच वर चढते. समईच्या वातीतून तेल जसे वर जाते, तसे मातीच्या सूक्ष्म पोकळ्यांतून पाणी वर येते. याला केशाकर्षण म्हणतात. सोबत विरघळलेले क्षारही येतात. भिंतीच्या पृष्ठभागावर पाणी उडून जाते, क्षारांचे स्फटिक मागे राहतात, वाढतात आणि भिंतीचा पृष्ठभाग आतून ढकलून पाडतात. जुन्या भिंती जमिनीपासून हातभर उंचीवर खाल्ल्यासारख्या दिसतात, त्या यामुळे. जिथे कालव्याचे पाणी आले आणि बारमाही ऊस उभा राहिला, तिथे जमिनीतल्या पाण्याची पातळी वर येते. मग पूर्वी कोरड्यात सुखाने उभ्या असलेल्या भिंतींनाही हा रोग जडू शकतो.

यावर जुना इलाज म्हणजे दगडी जोते. आपल्याकडच्या घट्ट काळ्या बेसाल्टमधून पाणी सहजासहजी वर चढत नाही. जोते दीड-दोन फूट उंच असले, वर छपराची वळचण भिंतीपासून पुरेशी बाहेर आलेली असली आणि घराभोवती पाणी वाहून जायला चर असला, तर मातीची भिंत पिढ्यानपिढ्या टिकते.

पण टिकवायला हात लागतात, हे विसरून चालणार नाही. दर वर्षी गिलावा, दर आठवड्याला सारवण, मृगाआधी माळवद. यातले बहुतेक काम घरातल्या बायकांनी केले आहे. डोक्यावरून माती वाहायची, शेणाचा हात फिरवायचा आणि त्याची मजुरी कुणी मोजायची नाही. तुमच्या आजीने सिमेंटच्या घराचा आग्रह धरला असेल, तर त्यामागे हे कष्ट आहेत. मातीच्या घराचे गोडवे गाताना हा हिशेब सांगायलाच हवा. नवे मातीचे घर बांधायचे, तर ते कमी निगेचे असले पाहिजे.

किल्लारीने शिकवलेला धडा

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चार वाजण्याच्या सुमारास लातूर-उस्मानाबाद भागात किल्लारीजवळ भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.२ होती. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. बहुतेक जण झोपेत होते आणि बहुतेकांवर त्यांचीच घरे कोसळली. ही घरे स्थानिक दगडमातीचीच होती. मग मातीचे घर वाईट ठरले काय?

अभियंत्यांनी पडलेल्या घरांचा अभ्यास केला तेव्हा कारणे स्पष्ट झाली. भिंती दोन-अडीच फूट जाड, पण आतला थर वेगळा आणि बाहेरचा वेगळा. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगडच नव्हता. दगड गोलसर आणि मधला चिखल कमजोर. छपरावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढत गेलेले. जरा हिशेब करू. एक घनमीटर माती सुमारे सोळाशे किलो भरते. माळवदावर तीस सेंटिमीटर माती असेल, तर दर चौरस मीटरला जवळजवळ पावणेपाचशे किलो वजन होते. चार मीटर लांब व तीन मीटर रुंद खोलीच्या डोक्यावर हे ओझे पावणेसहा टनांचे! थर दुप्पट झाला की ओझेही दुप्पट. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हे तुम्ही नववीत शिकता. जमीन हादरली की छपराला त्वरण मिळते. छप्पर जितके जड, तितका भिंतींना बसणारा आडवा धक्का मोठा. माती दाब सोसते, पण ताण तिला सोसवत नाही.

याच भूकंपात आणखी एक गोष्ट दिसली. पुष्कळ घरांच्या भिंती ढासळल्या, पण खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा उभाच राहिला. खणांची ती जुनी पद्धत माणसांना वाचवू शकत होती. घात केला तो न बांधलेल्या भिंतींनी आणि डोक्यावरच्या वजनाने.

म्हणून मातीचे घर बांधायचे तर काही नियम पाळलेच पाहिजेत. भारतीय मानक ब्यूरोने मातीच्या घरांच्या भूकंपसुरक्षेसाठी १९९३ मध्ये मार्गदर्शक मानक काढले. त्यातले काही नियम अगदी सोपे आहेत. भिंतीची उंची तिच्या जाडीच्या आठ पटींहून अधिक नसावी. दोन आडव्या भिंतींमधली लांबी जाडीच्या दहा पटींहून अधिक नसावी. म्हणजे पंचेचाळीस सेंटिमीटर जाड भिंत फार तर ३.६ मीटर उंच आणि साडेचार मीटर लांब. दारे-खिडक्यांची रुंदी १.२ मीटरच्या आत असावी. दारांच्या वरच्या पातळीला सबंध घराभोवती लाकडाची किंवा काँक्रीटची अखंड पट्टी असावी. पिंपाला जसे कडे, तशी घराला ही पट्टी. आणि छप्पर हलके असावे. माळवदाचा गारवा आपल्याला हवा असतो, पण त्याचे ओझे नको.

आजचे मार्ग

सिमेंट करण्यासाठी चुनखडी आणि माती सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत भाजावी लागते. भट्टीच्या इंधनाचा धूर तर होतोच, शिवाय चुनखडीतला कार्बन डायऑक्साइडही बाहेर पडतो. जगातून हवेत जाणाऱ्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात ते आठ टक्के एकट्या सिमेंटपायी जातो. वाळू उपसून उपसून नद्यांची पात्रे खरवडली गेली आहेत. म्हणून सिमेंट मुळीच वापरू नये असे नाही. ते जिथे लागते तिथेच आणि लागेल तेवढेच वापरावे. पायाची पट्टी, लिंटेलची पट्टी, न्हाणीघर ही त्याची जागा. घराच्या सर्व भिंती त्यानेच भरायची गरज नाही.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली ग्रामीण तंत्रज्ञानाचे ‘अ‍ॅस्ट्रा’ केंद्र सुरू झाले. तिथल्या शास्त्रज्ञांनी हातदाबयंत्रावर मातीच्या ठोकळ्यांचे तंत्र विकसित केले. चाळलेल्या वालुकामय मातीत पाच ते आठ टक्के सिमेंट मिसळायचे, किंचित ओल द्यायची, यंत्रात दाबायचे आणि तीन-चार आठवडे ओले ठेवायचे. भट्टी नाही की सरपण नाही. भाजलेल्या विटांच्या भिंतीला जितकी ऊर्जा खर्ची पडते, तिच्या साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्शात अशी भिंत होते. मात्र काळ्या मातीसाठी सिमेंट कामाचे नाही. तिला चुना मानवतो, कारण चुन्यातले कॅल्शियम पापुद्र्यांना एकमेकांशी बांधते आणि फुगणे कमी करते. कासुर्डीसारख्या गावात मुरूम आहे, दगड आहे, बाभूळ आणि कडुनिंब आहेत, उसाचे पाचट तर रानात जाळले जाते. हे पाचट बारीक करून गिलाव्याच्या चिखलात घालता येते. उन्हाळ्यात पत्र्यावर त्याचा थर टाकला तर खोली निवते. फक्त चुलीजवळ आणि विजेच्या तारांजवळ ते नको, कारण ते लगेच पेट घेते.

शिरूर तालुक्यातच पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचे, हे त्या शिक्षणाचे सूत्र. तिथे विद्यार्थी बांधकामही शिकतात. त्रिकोण जोडून केलेले तिथले घुमट ‘पाबळ डोम’ म्हणून ओळखले जातात. ते मातीचे नसतात, जाळी आणि सिमेंटचे असतात. पण त्रिकोण दाबाखाली आकार बदलत नाही आणि घुमटाचे कवच पातळ असूनही भार पेलते, या भूमितीमुळे सामान थोडे लागते. डोके वापरून सामान वाचवणे, हीसुद्धा काटकसरच आहे.

कच्चे कोण आणि पक्के कोण?

जनगणनेत माती किंवा न भाजलेली वीट हे भिंतीचे तात्पुरते साहित्य धरले जाते. बोलताना आपणही अशा घराला कच्चे म्हणतो. किल्लारीची आठवण ठेवली तर या शब्दात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. पण दगडी जोत्यावर, बांधलेल्या भिंतींचे, अखंड पट्टीचे आणि हलक्या छपराचे मातीचे घर कच्चे, आणि पट्टी न घालता बांधलेल्या चार इंची विटांच्या भिंतीवर पत्रा टाकला की ते पक्के, असे म्हणावे काय? घर पक्के असते ते बांधणाऱ्याच्या ज्ञानाने. सामान कोणते, हे नंतर येते.

तेव्हा तुमच्या घरी जुने घर पाडायची गोष्ट निघाली, तर आधी एक रविवार मोकळा काढा. शिक्षकांना सोबत घ्या. जोते किती उंच आहे? भिंत हातभर उंचीवर खाल्ली गेली आहे काय? भिंतीला फुगवटा आलेला आहे काय? खांब आणि तुळया शाबूत आहेत, की वाळवीने पोखरल्या आहेत? छपरावर मातीचा थर किती सेंटिमीटर आहे, आणि त्याचे वजन किती होते? दुपारी दोन वाजता आणि रात्री दहा वाजता आतले आणि बाहेरचे तापमान किती? हे सर्व वहीत मांडा. भिंत फुगलेली असेल किंवा छपराचे ओझे मोठे असेल, तर त्या खोलीत झोपणे थांबवा आणि जाणत्या अभियंत्याला दाखवा. जोते, खांब, भिंती धड असतील, तर केवळ छप्पर हलके करून आणि पट्टी घालून ते घर आणखी एक पिढी नांदू शकेल.

इनामगावचे शेतकरी गेले, त्यांची घरे मातीत मिळाली आणि त्या मातीने तीन हजार वर्षांनी आपल्याला त्यांची गोष्ट सांगितली. आपली घरे मोडतील तेव्हा काय उरेल? काँक्रीटचा ढिगारा ना शेताला लागतो, ना सहजासहजी दुसऱ्या भिंतीला. म्हणून गावाची पांढरी पुढच्या पिढीलाही घर देईल, असे काही आज बांधायला हवे. त्यासाठी आधी बांगडीत माती भरा आणि ती किती आकसते ते पाहा.